रिकॉलचं पत्र कुणाच्या घरी जातं?

मागच्या आठवड्यात घसा बसला होता म्हणून एपिसोड आला नाही, सॉरी. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना घसरलेली दोन-चार वाक्यं सावरून घेतलीत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट सुरू होते बार्शीत, माझ्या मामाच्या व्हॅनच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातून. मामा शाळेच्या मुलांची ने-आण करतो. सकाळी सहा चाळीसला पहिली फेरी. गाडी सेकंडहँड, पुण्यातल्या एका काकांकडून तीन वर्षांपूर्वी घेतलेली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. दिवाळीत गेले होते तेव्हा मामानं पीयूसीचा कागद शोधायला सांगितला आणि माझ्या हाताला सर्व्हिस बुक लागलं. आत शिक्के होते. हजार किलोमीटरला एक, पाच हजारांना एक, मग दर दहा हजारांना, असे चाळीस हजारांपर्यंत. पुढची पानं कोरी करकरीत. गाडी तेव्हा एक लाख बारा हजार चालली होती.

"मामा, पुढच्या सर्व्हिसिंगचं काय?"

"करतो की गं. ऑइल बदलतो, ब्रेक बघून घेतो, आवाज आला की मेस्त्रीकडे नेतो. कंपनीत नेली की पाच हजारांचं बिल अन् दिवस वाया."

मामा खोटं बोलत नव्हता. त्याचा मेस्त्री खरंच चांगला आहे, नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगतो. आणि शिक्के चाळीस हजारांवरच का थांबले तेही नंतर कळलं, तिथं वॉरंटी संपली होती. तुमच्या घरातल्या गाडीचं सर्व्हिस बुक काढून बघा, बहुतेक तिथंच थांबलेलं असेल.

पण एक गोष्ट कुठल्याही मेस्त्रीला कानानं कळत नाही. कंपनीला स्वतःच्याच गाडीत काही खोट सापडली आहे आणि तिनं ती गाडी परत बोलावली आहे, ही. मी सहज म्हणून आरसीवरचा चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला. एक रिकॉल बाकी दिसला. ब्रेकशी संबंधित एक भाग तपासायचा, गरज असेल तर फुकट बदलून द्यायचा. आणि हे दोन वर्षांपासून बाकी होतं. दोन वर्षं रोज चार फेऱ्या, मागे पोरं.

मामाला काहीच आलं नव्हतं. ना पत्र, ना फोन, ना मेसेज. मग पत्र गेलं कुठं? आणि असं पत्र पाठवायचं, ते कुणाला पाठवायचं, हे मुळात ठरवलं कुणी? हे शोधत मी जी मागे गेले ती थेट १९६६ सालच्या अमेरिकेत पोचले.

त्याआधी काय व्हायचं? मोटार कंपन्यांना आपल्या गाड्यांमधल्या खोटी कळायच्या. पण कळवायच्या त्या डीलरला. गाडी सर्व्हिसिंगला आली की डीलर गुपचूप तो भाग बदलून टाकायचा, मालकाला पत्ताही नसायचा. गाडी आलीच नाही तर खोट तशीच रस्त्यावर. म्हणजे बघा, वेळेवर सर्व्हिसिंग करणाराच वाचायचा, तेही आपण कशातून वाचलो हे न कळता.

नोव्हेंबर १९६५ मध्ये राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक आलं. पहिलंच प्रकरण जनरल मोटर्सच्या शेवरोले कॉर्व्हेअरवर, तिच्या मागच्या सस्पेन्शनवर. कंपनीनं काय करावं? नेडरच्या मागे खासगी गुप्तहेर लावले! ते उघडकीला आलं आणि २२ मार्च १९६६ ला कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीसमोर माफी मागावी लागली. नेडरनं खटला भरला आणि पुढे १९७० मध्ये ४,२५,००० डॉलरवर तडजोड झाली. हा भाग सिनेमासारखा आहे, त्यामुळे सगळीकडे तेवढाच सांगितला जातो. मला त्यामागचा एक कंटाळवाणा तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो.

मिनेसोटाचे सिनेटर वॉल्टर मोंडेल (हेच पुढे कार्टरच्या काळात उपराष्ट्राध्यक्ष झाले) यांनी एका कलमाचा आग्रह धरला. कंपनीला सुरक्षेची खोट कळली की तिनं मालकाला कळवलंच पाहिजे. ९ सप्टेंबर १९६६ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली, त्यात हे कलम होतं. गुपचूप दुरुस्तीचा जमाना निदान कागदावर तरी संपला.

पण त्या कलमाला दोन भोकं होती. एक म्हणजे पत्र जायचं ते मुख्यतः गाडीच्या पहिल्या खरेदीदाराला. गाडी विकली की साखळी तुटली. दुसरं भोक त्याहून मोठं. कंपनीनं कळवायचं होतं, फुकट दुरुस्त करून द्यायचं बंधन नव्हतं. म्हणजे 'तुमची गाडी धोकादायक आहे' एवढं पत्र धाडून कंपनी मोकळी होऊ शकत होती.

या कायद्याची मोठी परीक्षा १९७१ मध्ये झाली. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर ज्या रबरी आधारांवर बसतं त्याला इंजिन माउंट म्हणतात, आपल्याकडे गॅरेजमध्ये 'फाउंडेशन' म्हणतात. साठच्या दशकातल्या लाखो शेवरोले गाड्यांमध्ये हे रबर धातूपासून सुटायचं. रबर सुटलं की जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन एका बाजूनं उचललं जायचं, त्याबरोबर ॲक्सिलरेटरची जोडणी खेचली जायची आणि गाडी आपोआप वेग घ्यायची. त्याच वेळी ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची नळी निसटू शकायची. वेग वाढतोय आणि ब्रेक दगडासारखा. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सनं सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या, तोवरचा सगळ्यात मोठा रिकॉल. उपाय काय केला माहितीये? इंजिन उचललं जाऊ नये म्हणून त्याला एक केबल बांधली. फाउंडेशन तेच राहिलं. यावर आमचा मेस्त्री "जुगाड" म्हणाला आणि मनापासून हसला.

ती दोन भोकं बुजली १९७४ मध्ये. त्या दुरुस्ती कायद्यावर सही केली ती राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी. हो, आडनाव फोर्ड. मोटार कंपनीशी नातं नाही, योगायोग आहे. आता दुरुस्ती फुकट करून देणं बंधनकारक झालं. आणि पत्र पाठवायचं ते राज्याच्या नोंदणी दप्तरात आज ज्याचं नाव आहे त्याला. पहिला असो, चौथा असो, सध्याचा मालक. माझ्या मते रिकॉलच्या सगळ्या इतिहासात ही एक ओळ सगळ्यात मोलाची आहे. फुकट दुरुस्तीला मुदत होती आठ वर्षांची. ती २००० मध्ये दहा आणि २०१५ मध्ये पंधरा वर्षं झाली, कारण गाड्या जास्त टिकायला लागल्या होत्या.

गंमत म्हणजे याच १९७४ च्या कायद्याच्या नावात 'स्कूलबस' हा शब्द आहे. दहापेक्षा जास्त माणसं बसण्यासाठी बनवलेलं वाहन म्हणजे बस, आणि त्यातून शाळेची मुलं जात असतील तर ती स्कूलबस, तिला स्कूलबसचे नियम. म्हणून अमेरिकेत पंधरा सीटची नवी व्हॅन शाळेच्या मुलांच्या ने-आणीसाठी विकायला डीलरला मनाई आहे. शाळेची व्हॅन आणि रिकॉल हे दोन विषय एकाच कागदावर भेटतील असं मला शोधायला बसले तेव्हा वाटलं नव्हतं.

कायदा झाला म्हणजे सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही हां. फोर्ड कंपनीच्या काही गाड्यांमध्ये गिअर 'पार्क'वर आहे असं वाटायचं आणि चालू इंजिनवर तो सटकून रिव्हर्समध्ये पडायचा. माणूस खाली उतरलेला आणि गाडी मागे निघालेली. १९८० च्या अखेरीस यावर जी तडजोड झाली तिच्यात गाड्या परत बोलावल्याच नाहीत. सुमारे २ कोटी ३० लाख मालकांना टपालानं एक स्टिकर पाठवला. डॅशबोर्डवर लावा, उतरताना इंजिन बंद करा. बस्स.

आता खास व्हॅनबद्दल. व्हॅन ही साधी कार नसते. ती जास्त चालते, जास्त वजन घेते, हाताखाली ड्रायव्हर बदलतात आणि ती धंद्याची असल्यामुळे एक दिवस उभी राहिली तरी पोटाला चिमटा बसतो. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्यानं २००१ मध्ये पंधरा सीटच्या व्हॅनबद्दल इशारा दिला, की माणसं जितकी जास्त भरली तितकी ती उलटण्याची शक्यता वाढते. पुढे त्यांनी टायर तपासले. अशा व्हॅनपैकी ७४ टक्के व्हॅनच्या टायरमधली हवा बरीच चुकीची निघाली, साध्या कारमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होतं. हवा! पेट्रोल पंपावर फुकट मिळते ती.

आणि २०१७ चं एक उदाहरण तर असं आहे की देखभाल कुठं संपते आणि रिकॉल कुठं सुरू होतो ते कळूच नये. फोर्डनं उत्तर अमेरिकेत सुमारे चार लाख ट्रान्झिट व्हॅन परत बोलावल्या. ड्राइव्हशाफ्टमध्ये, म्हणजे आपला मेस्त्री ज्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतो त्यात, एक लवचिक रबरी जोड असतो. त्याला भेगा पडत होत्या. तो तुटला तर शाफ्ट सुटतो, गाडीचा जोर जातो, जवळच्या ब्रेकच्या किंवा इंधनाच्या नळ्यांना इजा होऊ शकते. कायमचा उपाय तयार होईपर्यंत कंपनीनं सांगितलं, दर ४०,००० मैलांना, म्हणजे साधारण ६४,००० किलोमीटरला, हा जोड नवा घाला. रिकॉलच सर्व्हिसिंगच्या तक्त्यातली एक ओळ होऊन बसला! ज्याच्या व्हॅनचं किलोमीटरचं टिपणच नाही त्यानं काय करायचं?

आपल्याकडे काय आहे, हे तुम्ही एव्हाना विचारत असाल. आपल्या गावात व्हॅन म्हटलं की डोळ्यासमोर येते ओम्नी. १९८४ मध्ये आली तेव्हा तिचं नावच 'मारुती व्हॅन' होतं. २०१९ मध्ये ती बंद झाली. या पस्तीस वर्षांतल्या बहुतेक काळात भारतात रिकॉलचा कुठलाच कायदा नव्हता. जुलै २०१२ मध्ये मोटार कंपन्यांच्या 'सियाम' या संघटनेनं एक आचारसंहिता आणली, ऐच्छिक. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सनं भारतात १ लाख १४ हजार तवेरा परत बोलावल्या, त्या धुराच्या निकषांवरून. मग २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ घातलं गेलं. सरकार आता रिकॉलचा आदेश देऊ शकतं आणि कंपनीला दुरुस्ती, बदली गाडी किंवा पूर्ण किंमत यातलं काहीतरी द्यावं लागतं. नियम लागू झाले १ एप्रिल २०२१ पासून.

पण हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. शेवटची ओम्नीसुद्धा २०२६ मध्ये सात वर्षांची होते. तुमच्या गल्लीतून सकाळी सातला पोरं घेऊन जाणाऱ्या व्हॅन डोळ्यासमोर आणा आणि त्यातल्या किती सात वर्षांच्या आतल्या असतील ते तुम्हीच मोजा.

कंपन्या स्वतःहूनही बोलावतात, हे सांगायला हवं. जुलै २०२३ मध्ये मारुतीनं ईको आणि एस-प्रेसो मिळून ८७,५९९ गाड्या स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी परत बोलावल्या. तपासणी आणि बदल फुकट. (मामाची गाडी यातली नाही, कमेंटमध्ये अंदाज लावू नका.)

तर मामाचं पत्र. मी पुण्याच्या काकांना फोन केला. भला माणूस. म्हणाले, "हो, आलं होतं काहीतरी कंपनीचं. मेसेजपण आले दोन-तीन. मला वाटलं सर्व्हिसिंगची जाहिरात असेल. गाडी विकली होती, म्हणून टाकून दिलं." म्हणजे आरसीवर मामाचं नाव लागून तेव्हा वर्ष झालं होतं, गाडी मधे पासिंगलाही जाऊन आली होती, आणि कंपनीच्या यादीत मात्र अजून काकांचाच पत्ता आणि काकांचाच मोबाइल नंबर. अमेरिकेत १९७४ मध्ये बुजवलेलं भोक आमच्या घरी जसंच्या तसं उघडं होतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गाडी सोलापूरला नेली. शाळांना सुट्टी होती म्हणून मामा तयार झाला, नाहीतर नाहीच. काउंटरवरच्या पोरानं ओटीपी मागितला, तो अर्थातच गेला पुण्याला. परत काकांना फोन. त्यांनी नंबर सांगितला, मग मामाचा मोबाइल नंबर चढवला. दोन तासांत काम झालं, बिल शून्य. काढलेला भाग बघायला मागितला तर तो कंपनीला परत पाठवावा लागतो म्हणाले, त्यामुळे तो किती खराब झाला होता ते आम्हाला कळलंच नाही. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग बाहेर चहा घेताना म्हणाला, "मागे कुलकर्ण्यांची जुळी बसतात."

परतीच्या वाटेवर, वैरागच्या जवळ, त्याच्या फोनवर कंपनीचा पहिला मेसेज आला. पुढचं सर्व्हिसिंग ड्यू आहे, अपॉइंटमेंट घ्या. मामानं तो मला मोठ्यानं वाचायला लावला आणि विचारलं, "आता हे रोज येणार का?"