मोहफुलाचं वाळवण

फाल्गुन-चैत्रात मोहफूल पडतं. पहाटेच्या अंधारात टपटप सुरू असते ती ऊन वर येईस्तोवर. बाया-पोरं टोपल्या घेऊन लवकरच झाडाखाली जातात, कारण उशीर झाला तं गाई, हरणं, कधी अस्वलही वाटा घेऊन जातं. झाडाखालचा पाला आधीच जाळून जागा साफ करायची ही जुनी रीत. फूल वेचायला सोपं जातं खरं, पण राखेची कचकच आणि धुराचा वास फुलात उतरतो. वणवेही त्यातूनच लागतात.

ओलं फूल पिवळसर पांढरं, रसानं टम्म. टोपलीत दिवसभर राहिलं की आंबायला लागतं. सारवलेल्या अंगणात पातळ पसरून तीन-चार दिवस कडक ऊन दिलं, मधूनमधून हात फिरवला, की मनुक्यासारखं तांबूस होतं. चार-पाच किलोचं किलोभर उरतं. ढीग करून ठेवलं तं आतून तापतं, आंबूस वास धरतं. अवकाळी पावसात भिजलं की काळं पडतं. नीट वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. त्यातले केसर चोळून काढायचे, फूल तव्यावर भाजायचं, तिळासोबत कुटून लाडू वळायचे. दक्षिणेत कॉफीचं असंच आहे. फळासकट वाळवलेली बी गोडसर, फळाच्या वासाची होते. गर काढून धुतलेली हलकी, आंबटसर.

1973 साली हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात होतो. पावसाळ्यात नाले भरले की वाटा बंद. मग मडक्यातलं सुकं मोह हेच घरचं धान्य.

सरकारनं मात्र मोहाकडे दारूच्याच नजरेनं पाहिलं. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहफुलाचा साठा, ने-आण, विक्री सगळ्यांवर बंधनं. घरात फार फूल ठेवायची भीती. माझ्या लहानपणी कित्येक घरं अर्धओलं फूलच व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकायची, मीठ-तेलाच्या बदल्यात, आणि पावसाळ्यात तेच महागात परत आणायची. दारूच्या फुलाला वास कोण विचारतो? त्यात वाळवण्याची मेहनत मातीमोल झाली. 1993 ला गडचिरोलीत दारूबंदी झाली. तिच्यासाठी बायाही लढल्या होत्या, आणि मला ती योग्यच वाटते. पण खाण्याचं मोह त्या संशयातून सुटलं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर हक्क दिला, तरी मोहफूल गोळा करण्या-साठवण्यावरची बंधनं राज्यानं सैल केली ती 2021 च्या मे महिन्यात.

आता काही जणी झाडाखाली जाळी बांधतात. फूल जमिनीला लागतच नाही, राख नाही, खडा नाही. भावही बरा येतो. मला मात्र सारवलेल्या अंगणातलंच फूल आवडतं, शेणामातीचा जरासा वास असलेलं. घरात हे कोणाला पटत नाही.