खुराड्यातले हर्पिस : प्रस्तावना

भामरागड, एटापल्ली किंवा जिवतीकडच्या गावांत कोंबड्या लुळ्या पडू लागल्या की निदान तयार असते : मानमोडी. ते अनेकदा बरोबरही निघते. पण मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा, विषाणू हर्पिसच्या कुळातला नाही. तीन-चार महिन्यांची तलंग एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडली असेल, तर मेल्यावर तिच्या दोन्ही मांड्यांतील जाड मज्जातंतू उघडून शेजारीशेजारी पाहावेत. एक बारीक, चकचकीत, आडव्या रेषांचा आणि दुसरा सुजून करडा झालेला दिसला, की संशय मॅरेक या हर्पिस विषाणूच्या रोगावर जातो.

योझेफ मॅरेक यांनी बुडापेस्टमध्ये 1907 साली लुळ्या कोंबड्यांचे वर्णन केले. विषाणू हाती लागायला 1967 उजाडले. हा विषाणू पिसांच्या मुळांशी पिकतो आणि कोंड्याबरोबर खुराड्याच्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. अंड्यातून मात्र उतरत नाही. पिल्लू निरोगी जन्मते आणि पहिल्याच दिवसापासून ती धूळ श्वासात घेते. आपल्याकडच्या कोंबडबाजारात (बंदी असूनही झुंजींचा हा बाजार भरतोच) हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरी जातो आणि त्याची पिसे तिथल्या अंगणात पडतात. या वाटेचा अभ्यास कुणीतरी करायला हवा.

टर्कीच्या निरुपद्रवी हर्पिस विषाणूपासून केलेली लस 1970च्या सुमारास आली. कर्करोग रोखणाऱ्या अगदी पहिल्या लसींपैकी ती एक. ती गाठी थांबवते, संसर्ग नाही. टोचलेला पक्षीही विषाणू सांडत राहतो. शिवाय ती उबवणी केंद्रात, पहिल्या दिवशी टोचायची असते. खुडूक कोंबडीखाली निघालेल्या दहा पिल्लांसाठी हजार मात्रांची कुपी कोण उघडणार?

कुळातले दुसरे दोन सभासद थोडक्यात : कोंबड्यांना रक्ताळ खोकला आणणारा स्वरयंत्रदाहाचा विषाणू बऱ्या झालेल्या पक्ष्याच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूंत दडून बसतो, बदकांचा प्लेग 1923 साली नेदरलँड्समध्ये प्रथम नोंदला गेला. मामा (माजी मालगुजारी) तलावांवर रानबदके आणि पाळीव बदके एकाच पाण्यात उतरतात, म्हणून तो इथल्या विद्यार्थ्याने दुर्लक्षू नये. या हर्पिस विषाणूंपैकी कोणताही माणसाला लागत नाही.

पहिल्या प्रकरणात पक्षी उघडायचा कसा ते दिले आहे. विषाणूची रचना तिसऱ्यात. मात्र एकाएकी मोठी मर लागली असेल, तर मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नका. बर्ड फ्लूची शंका धरून आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.