वाचायचं कुणी?

आम्ही जुन्नरकडची माणसं. शास्त्र मोठ्यानं वाचायचं कुणी, हा वाद आमच्याकडे कधीच मिटलाय. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आमच्या आळे गावात आहे!

कॅथलिक मंडळींना मात्र जरा वेळ लागला. फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, चर्चमध्ये वाचलंही जाई. ओव्या मराठी, अक्षरं रोमन! पण खुद्द मिस्सा लॅटिनमध्येच. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेनं लोकभाषेला दार उघडलं, तेव्हा कुठे वसईकरांना मिस्सेत बायबल मराठीत ऐकू येऊ लागलं.

१९७२ साली सहाव्या पोप पॉलनी ‘वाचक’ हे पद साध्या प्रापंचिकांना दिलं. पण फक्त पुरुषांना. पुढं बायकाही वाचू लागल्या, खणखणीत वाचू लागल्या. अडचण काय ती हुद्द्याची! तो पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली दिला.

पैठणच्या ब्रह्मवृंदानं म्हणे रेड्याचे वेद ऐकून लगेच शुद्धिपत्र लिहून दिलं. रोमला एकोणपन्नास वर्षं लागली.