नदीचे वाटाडे : कोलोरॅडोच्या खळाळातून राफ्टिंग कसे जन्मले

#थ्रेड

१/१९
२८ ऑगस्ट १८६९. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या तळाशी नऊ माणसे एकमेकांचा निरोप घेत होती. समोर कोलोरॅडो नदीचा गर्जणारा खळाळ, दोन्ही अंगांना उभे कडे. सहा जणांनी नदीची वाट धरली, तिघांनी कडा चढण्याची. निरोप घेताना डोळे पाणावले होते. कारण समोरचे लोकच मरणाच्या वाटेने चालले आहेत, असे दोन्ही गटांना मनापासून वाटत होते.

२/१९
आज याच नदीवरून दरवर्षी हजारो माणसे रबरी राफ्टमधून जातात. त्यांत शाळकरी मुले असतात, आजी-आजोबाही असतात. बहुतेकांनी पूर्वी कधी वल्हे हातात धरलेले नसते. मधल्या काळात माणसे अधिक शूर झाली, असे नव्हे. नदी वाचण्याची एक विद्या घडली आणि ती विद्या जाणणारा एक वाटाड्या घडला. हा इतिहास त्या वाटाड्याचा आहे.

३/१९
१८६९च्या मोहिमेचा नायक जॉन वेस्ली पॉवेल हा भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. यादवी युद्धात, १८६२ साली शायलोच्या लढाईत, त्याने उजवा हात गमावला होता. २४ मे १८६९ रोजी तो नऊ माणसे, चार नावा आणि दहा महिन्यांची शिधासामग्री घेऊन वायोमिंगमधून ग्रीन नदीत उतरला. ग्रीन पुढे कोलोरॅडोला मिळते. नावा शिकागोहून रेल्वेने आल्या होत्या. अमेरिकेचे दोन किनारे जोडणारा लोहमार्ग अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी पूर्ण झाला होता.

४/१९
नकाशाकारांच्या लेखी हा प्रदेश कोरा होता. हुआलापाई, हवासुपाई, दक्षिण पायूट, नवाहो, होपी या तेथील मूळ रहिवाशांच्या लेखी मात्र तो कधीच कोरा नव्हता. दरीत उतरणाऱ्या वाटा, पाण्याच्या जागा, शेतीचे तुकडे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पॉवेलला नवी होती ती नदीच्या पात्रातून सलग जाणारी वाट.

५/१९
त्या वाटेसाठी त्याच्या नावा मात्र चुकीच्या होत्या. तिघी ओक लाकडाच्या, प्रत्येकी २१ फुटी, जड आणि तळाला कणा असलेल्या. शांत, खोल पाण्यात अशी नाव सरळ धावते. खडकांतून झटकन वळवावी म्हटले तर वळत नाही. शिवाय वल्हेकरी नेहमीच्या रीतीप्रमाणे पुढच्या दिशेला पाठ करून बसत. म्हणजे धोका समोर येई, तेव्हा वल्ही मारणाऱ्यालाच तो दिसत नसे.

६/१९
जूनमध्ये लोडोर दरीत ‘नो नेम’ ही नाव खडकावर आपटून फुटली. माणसे वाचली, पुष्कळसे धान्य, कपडे आणि उपकरणे गेली. त्यानंतर शक्य तेथे नावा दोरांनी काठाकाठाने खाली सोडायच्या, नाहीतर सामान उतरवून खडकांवरून वाहून न्यायच्या, हा नित्यक्रम झाला. जुलैत एक जण मोहीम सोडून गेला. ऑगस्टअखेर उरले ते खराब झालेले पीठ, वाळवलेली सफरचंदे आणि कॉफी.

७/१९
आणि मग तो खळाळ आला. काठाने जायला जागा नव्हती. ओरामेल हाउलँड, त्याचा भाऊ सेनेका आणि विल्यम डन यांनी पुढे जाण्यास नकार दिला. पॉवेलने गणित मांडले : दरीचा शेवट दूर नाही. रात्रभर तो वाळूत येरझाऱ्या घालत राहिला. सकाळी तिघे कडा चढून गेले. उरलेल्या सहा जणांनी एक नाव तेथेच सोडली, दोन नावा खळाळात घातल्या आणि ते सुखरूप पार झाले. दुसऱ्याच दिवशी ते दरीबाहेर होते.

८/१९
वर गेलेले तिघे मारले गेले. कोणाकडून, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. त्या खळाळाला ‘सेपरेशन’, म्हणजे ताटातुटीचा खळाळ, हे नाव पडले. तिघांना भित्रे ठरवणे अन्यायाचे होईल. पुढच्या वळणापलीकडे काय आहे, हे सांगू शकणारा एकही माणूस त्या मुक्कामात नव्हता. नऊ जणांना नेता होता, वाटाड्या नव्हता.

९/१९
पुढचा धडा २० वर्षांनी मिळाला. १८८९ साली फ्रँक ब्राउन या उद्योजकाने दरीतून रेल्वेमार्ग नेण्यासाठी पाहणी काढली. तुकडीकडे लाइफ जॅकेट नव्हती. जुलैत ब्राउन बुडाला. काही दिवसांतच आणखी दोघे बुडाले. अभियंता रॉबर्ट स्टँटन माघारी गेला आणि त्याच वर्षी हिवाळ्यात भक्कम नावा व लाइफ जॅकेट घेऊन परतला. १८९०च्या वसंतात तो समुद्रापर्यंत पोहोचला. रेल्वेमार्ग झाला नाही. लाइफ जॅकेटचा नियम मात्र रुजला.

१०/१९
खरी क्रांती केली ती युटामधील नॅथॅनियल गॅलोवे या फासेपारध्याने. कातड्यांसाठी तो वर्षानुवर्षे या नद्यांवर एकटा हिंडे. १८९०च्या दशकात त्याने हलक्या, सपाट तळाच्या नावा बांधल्या आणि एक साधी गोष्ट केली : नाव उलटी फिरवली. मागचे टोक प्रवाहाच्या दिशेला केले. आता वल्हेकऱ्याचे तोंड खळाळाकडे झाले.

११/१९
यात दृष्टीइतकीच गतीचीही युक्ती होती. या बैठकीत वल्हे ओढले की नाव प्रवाहाच्या विरुद्ध खेचली जाते, म्हणजे पाण्यापेक्षा मंद चालते. मंद नाव तिरकी धरून ओढली की ती आडवी सरकते आणि खडक टाळता येतो. पूर्वी जोर लावून संकट लवकर पार करण्याचा प्रयत्न होई. गॅलोवेने वेग कमी करून वाट निवडायला शिकवले. वल्ह्यांची राफ्ट चालवणारे वाटाडे आजही हेच करतात.

१२/१९
१९०९ साली ओहायोतील उद्योगपती ज्युलियस स्टोन याने गॅलोवेला सोबत घेऊन ग्रँड कॅन्यन पार केले. हेतू ना रेल्वेचा, ना खाणीचा, ना सर्वेक्षणाचा, केवळ आनंदाचा. जाणकाराच्या भरवशावर हौशी माणसाने केलेला असा प्रवास येथे प्रथमच घडला. याउलट १९२८ साली ग्लेन आणि बेसी हाइड हे नवविवाहित जोडपे स्वतः बांधलेल्या नावेतून, लाइफ जॅकेटशिवाय दरीत शिरले. नाव सामानासह तरंगत सापडली. ती दोघे कधीच सापडली नाहीत.

१३/१९
म्हणूनच १९३८ साली मिशिगन विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एल्झाडा क्लोव्हर आणि तिची विद्यार्थिनी लोइस जॉटर निघाल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या जिवाची चिंता वाहिली. वाटाड्या होता युटाचा नॉर्मन नेव्हिल्स. त्यानेही पूर्वी ही दरी नावेतून पाहिलेली नव्हती. पण सॅन हुआन नदीवर त्याचा हात तयार झाला होता. सुमारे सहा आठवड्यांनी सगळे सुखरूप बाहेर आले. संपूर्ण ग्रँड कॅन्यन नावेने पार केल्याची नोंद असलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया. त्यांनी दरीतील वनस्पतींचा संग्रहही आणला. पैसे देऊन वाटाड्यासोबत जाण्याची प्रथा येथून सुरू झाली.

१४/१९
नदी वाचायची म्हणजे काय? मोठ्या खळाळाआधी नाव थांबवून वाटाडे काठाने चालत जातात आणि पाणी पाहतात. दोन अडथळ्यांमधून जाणारी गुळगुळीत जीभ, जिचे टोक प्रवाहाच्या दिशेने निमुळते होते, ती सहसा वाट. ज्या खुणेचे टोक उगमाकडे असते, तिथे पाण्याखाली खडक. खडकावरून पडून मागे वळणारे पाणी नावेला धरून ठेवू शकते. आणि हे वाचन कायमचे नसते : डिसेंबर १९६६मध्ये एका उपनाल्याच्या पुराने दगडधोंडे आणून टाकले आणि ‘क्रिस्टल’ हा किरकोळ खळाळ रातोरात भयंकर झाला.

१५/१९
दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या शिल्लक रबरी राफ्ट आणि तरत्या पुलांचे फुगे स्वस्तात विकले जाऊ लागले. रबर खडकाला धडकून फुटत नाही, परत उसळते. जॉर्जी व्हाइट या स्त्रीने याचा लाभ घेतला. १९४४ साली तिची किशोरवयीन मुलगी अपघातात गेली. त्यानंतर ती या नदीकडे वळली. १९४५ साली तिने एका सोबत्यासह दरीचा खालचा भाग लाइफ जॅकेटच्या आधारे पोहत पार केला. पुढे राफ्ट एकमेकींना बांधून, खर्च वाटून घेत, तिने सामान्य लोकांना दरीत नेले.

१६/१९
१९५० उजाडेपर्यंत नावेने ग्रँड कॅन्यन पार केलेली माणसे जेमतेम शंभर होती. १९६७ या एका वर्षात सुमारे २,१०० जण गेले. १९७२ साली १६ हजारांहून अधिक. शेवटी राष्ट्रीय उद्यानाला संख्येवर मर्यादा घालावी लागली. स्वतःची नाव घेऊन जाऊ इच्छिणाऱ्यांची प्रतीक्षायादी पुढे दहा वर्षांहून लांब झाली आणि २००६ साली तिची जागा सोडतीने घेतली.

१७/१९
पण या प्रवासांनी गर्दीखेरीज आणखी काही घडवले. १९५०च्या दशकात ग्रीन नदीवर एको पार्क येथे धरण व्हायचे होते. व्हर्नल गावच्या बस हॅच या बांधकाम कंत्राटदाराने गॅलोवेच्या मुलाकडून नावांची विद्या घेतली होती. १९५३पासून त्याच्या राफ्टमधून सिएरा क्लबचे सदस्य आणि त्यांची कुटुंबे ती दरी पाहू लागली. पाहून आलेले लोक गप्प बसले नाहीत. १९५६च्या कायद्यातून एको पार्क धरण वगळले गेले. त्याच कायद्याने मात्र ग्लेन कॅन्यनच्या धरणाला मंजुरी दिली. ग्लेन कॅन्यन तुलनेने फार थोड्यांनी पाहिले होते. त्यासाठी लढणारेही थोडेच निघाले. १९६३ साली दरवाजे बंद झाले, दरी बुडाली आणि त्या जलाशयाला नाव मिळाले पॉवेलचे.

१८/१९
ग्रँड कॅन्यनमध्येच दोन धरणे बांधण्याचा बेत १९६८ साली मोडला. तोवर वाटाड्यांनी तिथल्या नदीला हजारो साक्षीदार मिळवून दिले होते. तरीही आजची कोलोरॅडो पॉवेलची नाही. ग्लेन कॅन्यनमधून येणारे पाणी थंड आणि गाळविरहित असते; त्याची पातळी विजेच्या मागणीनुसार चढते-उतरते. वाळूचे काठ झिजतात. ते भरून यावेत म्हणून १९९६ साली प्रथमच मुद्दाम पूर सोडण्यात आला. आणि तो ताटातुटीचा खळाळ? १९३५ साली पूर्ण झालेल्या हूवर धरणाच्या जलाशयाने तो कधीच गिळला.

१९/१९
महाराष्ट्रातही हीच गोष्ट वेगळ्या पाण्यात दिसते. कोलाडला कुंडलिकेवर राफ्ट उतरतात त्या सकाळी सोडलेल्या पाण्यावर. ते पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून येते आणि भिऱ्याला ते मुळशीच्या धरणातून येते. त्याच धरणातून, ज्याच्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट आणि मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. जमिनी बुडाल्या, धरण झाले. कोलाडच्या वाटाड्याला आज पाणी किती वाजता सुटणार हे नेमके ठाऊक असते. ते पाणी कोणाच्या शेतांवरून आले, हेही त्याने राफ्टमध्ये बसलेल्यांना सांगितले, तर नदीचे वाचन पूर्ण होईल.