थेट प्रक्षेपणाचा आवाज आणि वसई-विरार

थेट प्रक्षेपणात आवाज सुधारायला दुसरी संधी नसते. ध्वनिमुद्रणात चूक झाली तर ओळ पुन्हा म्हणता येते, पण थेट प्रक्षेपणात वक्ता एकदम ओरडला किंवा गायनवृंद अचानक चढ्या पट्टीत गेला, तर तो धक्का त्याच क्षणी श्रोत्याच्या कानापर्यंत जातो. म्हणून मायक्रोफोन आणि श्रोता यांच्या मधे आवाजाची पातळी सतत सांभाळणारी काही तरी व्यवस्था असावी लागते. या व्यवस्थेला किती पैसे लागतात, यावर बोलणारे कोण आणि ऐकणारे कोण हे बराच काळ ठरत आले. चर्चगेटपासून सुमारे ६० किलोमीटरवरचे विरार आणि त्याच्या अलीकडची वसई हा पट्टा अनेक दशके मुंबईचे प्रक्षेपण ऐकत होता. स्वस्त साउंड कार्ड आणि स्वस्त इंटरनेट आल्यावर तो स्वतःही प्रक्षेपण करू लागला.

मुंबईत रेडिओ क्लबने १९२३ मध्ये हौशी प्रक्षेपण सुरू केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हा त्याचे प्रेषक यंत्र अवघ्या १.५ किलोवॉटचे होते. कंपनी १९३० मध्ये बंद पडली, सरकारने सेवा ताब्यात घेतली आणि १९३६ मध्ये तिला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. थेट प्रक्षेपणाचा कस खेळाच्या मैदानावर लागला. ए. एफ. एस. तल्यारखान यांनी १९३४ मध्ये मुंबईत क्रिकेटचे धावते वर्णन केले. पुढे बाळ ज. पंडित यांनी मराठी समालोचन घरोघर पोहोचवले. वसईच्या वाड्यांमध्ये आणि विरारच्या चाळींमध्ये हा आवाज मुंबईच्या मध्यम लहरींवरून येई. मैदानापासून केंद्रापर्यंत टेलिफोनची तार, केंद्रात पातळी हाताने सांभाळणारा तंत्रज्ञ आणि त्यापुढे प्रेषक यंत्र, असा तो मार्ग होता. हे सारे संस्थेच्याच आवाक्यातले होते.

हातावर विसंबण्याला मर्यादा होती. आवाज ठरावीक पातळीपलीकडे गेला की प्रेषक यंत्रात विकृती येते. कमी ठेवला तर तो खरखरीत बुडतो. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३७ मध्ये ११०ए हे उंच शिखरे आपोआप दाबणारे यंत्र आणले. रॉबर्ट ऑर्बन यांच्या १९७५ च्या 'ऑप्टिमॉड-एफएम ८०००' या यंत्राने लिमिटर (शिखरे अडवणारा), कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा) आणि एफएमचे स्टिरिओ संकेत तयार करणे ही कामे एकाच पेटीत आणली. पण अशी पेटी रेडिओ केंद्रेच विकत घेत. गावच्या सभागृहात तिला जागा नव्हती.

गावात आला तो लाउडस्पीकर. मोटवाने कुटुंबाच्या 'शिकागो रेडिओ' या लाउडस्पीकर यंत्रणेच्या कंपनीने काँग्रेसच्या सभांचा आवाज मोठ्या जनसमुदायांपर्यंत नेला. १९४० मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या 'अहुजा'चे अँप्लिफायर पुढे देशभरच्या मंडळांत, देवळांत आणि चर्चमध्ये ओळखीचे झाले. वसई-विरारमध्ये गणेशोत्सव, जीवदानी देवीची यात्रा, चर्चचे सण, भजन आणि कबड्डीचे सामने या सगळ्यांना हीच यंत्रणा लागे. आवाज मात्र मैदानाच्या कुंपणापर्यंतच पोहोचे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी त्यालाही मर्यादा घातली. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही पातळी ठरली. पुढे इंटरनेटवरून आवाज घरात नेण्याची सोय झाली, तेव्हा तिचा उगम बहुधा याच अँप्लिफायरच्या मागच्या लाइन-आउट जॅकपासून झाला.

संगणकाला आवाज मिळायला वेळ लागला. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये फक्त टुंईटुंई करणारा छोटा स्पीकर होता. कॅनडाच्या अॅडलिबने १९८७ मध्ये संगीत वाजवणारे कार्ड आणले. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे १९८९ चे 'साउंड ब्लास्टर' मायक्रोफोनचा आवाजही आत घेऊ शके, पण ८ बिटांत आणि एकाच वाहिनीवर. १९९२ च्या 'साउंड ब्लास्टर १६'ने १६ बिटांचा स्टिरिओ आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन नोंदवला. हा सीडीचा दर्जा होता. १९९७ मध्ये स्टाइनबर्गने एएसआयओ ही पद्धत आणून संगणकातला विलंब कमी केला. १९९८ मध्ये यूएसबीवरून आवाज नेण्याचे मानक ठरले आणि कार्ड संगणकाच्या पोटातून बाहेर आले. लिमिटर-कॉम्प्रेसरचे काम सॉफ्टवेअर करू लागले. डच प्रोग्रॅमर हान्स व्हॅन झुटफेन यांचे 'स्टिरिओ टूल' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. महागड्या पेटीची जागा साधा संगणक, सॉफ्टवेअर आणि एका बऱ्या कार्डाने घेतली. विरार लोकलच्याच मार्गावरील ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड हा अशा वस्तूंचा जुना बाजार आहे.

२०१२ मध्ये ओबीएस हे थेट प्रक्षेपणाचे मोफत सॉफ्टवेअर आले आणि २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला. मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगडच्या पट्ट्यातील टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा मराठी समालोचनासह यूट्यूबवर दिसू लागल्या. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि प्रार्थनास्थळे बंद झाली. त्या वर्षीचा ईस्टर १२ एप्रिलला, टाळेबंदीतच आला. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतातील भाविकांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मोबाइलच्या पडद्यावर आली. रिकाम्या चर्चमधला धर्मगुरूंचा आवाज घरात स्पष्ट ऐकू यावा, ही आता गावातल्याच कुणाची तरी जबाबदारी होती.

स्वस्त कार्ड निवडण्याचे निकष या गरजांमधूनच ठरत गेले. पहिला निकष जॅकचा. जुन्या साउंड कार्डांवर मायक्रोफोन आणि लाइन अशा दोन वेगळ्या खोबण्या असत. नंतरच्या बहुतेक लॅपटॉपवर एकच संयुक्त जॅक उरला. मायक्रोफोनच्या खोबणीला काही मिलिव्होल्ट अपेक्षित असतात. तिथे मिक्सरचा लाइन-आउट जोडला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज कोणतेही सॉफ्टवेअर पूर्ववत करू शकत नाही. मिक्सर असेल तिथे बेहरिंगर यूसीए२०२ सारखे फक्त लाइन पातळी घेणारे छोटे यूएसबी कार्ड पुरते. मिक्सर नसेल आणि मायक्रोफोन थेट जोडायचा असेल, तर फोकसराइट स्कार्लेटसारखे, आतच मायक्रोफोन-प्रवर्धक असलेले कार्ड लागते.

दुसरा निकष गुणगुणीचा. अँप्लिफायर एका प्लगवर आणि लॅपटॉप दुसऱ्या प्लगवर असला की दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घेणे, बॅलन्स्ड केबल वापरणे किंवा मधे विलग करणारा ट्रान्सफॉर्मर बसवणे हे त्यावरचे उपाय आहेत. महाग कार्ड घेऊनही अर्थिंगचा हा दोष जात नाही. खाऱ्या, दमट हवेच्या किनाऱ्यावर जॅक आणि केबलची टोके गंजतात. त्यामुळे कार्डाइतकाच केबलच्या देखभालीवर खर्च ठेवावा लागतो.

तिसरा निकष विलंबाचा. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दराने २५६ नमुन्यांचा साठा म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद; आत येताना, प्रक्रियेत आणि बाहेर जाताना हा विलंब वाढत जातो. प्रेक्षकाला त्याचा त्रास होत नाही, कारण इंटरनेटवरचे प्रक्षेपण तसेही काही सेकंद मागे असते. पण समालोचकाला स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा आला तर तो अडखळतो. त्याच्यासाठी मायक्रोफोनचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला देणारे कार्ड हवे.

एफएम प्रेषक यंत्रासाठी हिशेब वेगळा असतो. सामुदायिक रेडिओचे दार २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना उघडले. अशा केंद्राने संगणकातच पूर्ण स्टिरिओ संकेत तयार करायचे ठरवले, तर ४८ किलोहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने घेणारे, कार्ड अपुरे पडते. त्या संकेतात १९ किलोहर्ट्झचा मार्गदर्शक सूर असतो, स्टिरिओचा भाग ५३ किलोहर्ट्झपर्यंत आणि आरडीएसची (केंद्राचे नाव वगैरे मजकुराची) माहिती ५७ किलोहर्ट्झच्या आसपास जाते. नमुने घेण्याचा दर सर्वोच्च वारंवारितेच्या दुपटीहून जास्त हवा, म्हणून १९२ किलोहर्ट्झचे कार्ड घ्यावे लागते. शिवाय ते अगदी खालच्या वारंवारिताही सरळ पुढे देणारे हवे. स्वस्त कार्डांतले कपॅसिटर त्या अडवतात; मग लिमिटरने सपाट केलेली शिखरे तिरकी होऊन ७५ किलोहर्ट्झच्या विचलन-मर्यादेबाहेर जातात. यूट्यूबवरच्या मिस्सेला किंवा सामन्याला या क्षमतेची गरज नसते; तिथे ४८ किलोहर्ट्झ पुरेसे असतात.

१९२७ मध्ये मुंबई केंद्र सुरू करणाऱ्या कंपनीला जे काम पेलले नाही, ते आज वसईतला एखादा धर्मग्राम किंवा क्रीडामंडळ काही हजार रुपयांच्या साधनात करू शकते. मुंबई केंद्रावर प्रमाण मराठी बोलली जाई. वसईच्या घरांमध्ये बोलल्या जाणाऱ्या सामवेदी आणि वाडवळी बोलींनाही आता थेट प्रक्षेपणाचा मार्ग खुला आहे. त्या मार्गाची पहिली कडी योग्य खोबणीत घातलेला एक जॅक आणि ठरावीक पातळीपलीकडे न जाणारा आवाज हीच आहे.