अर्धा तास जुनं उत्तर

28 एप्रिल 2021, सकाळी 10. सहा तास बाकी.
दुपारी चारला ‘कोविन’ या सरकारी पोर्टलवर 18 ते 44 वयोगटाची कोविड लसीसाठीची नोंदणी उघडणार. बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत या वयाच्या माणसांना एकच वाट आहे, मोबाइलची. केंद्रावर जाऊन नाव लिहून घेण्याची सोय त्यांना नाही.

दुपार.
राज्य मंत्रिमंडळ या वयोगटाला मोफत लस द्यायचं ठरवतं. माणसं 5 कोटी 71 लाख, डोस लागणार सुमारे 12 कोटी. तेवढी लस हातात नाही, त्यामुळे 1 मेपासून सरसकट सुरुवात होणार नाही, असं आरोग्यमंत्री राजेश टोपे सांगतात. नोंदणीची वेळ मात्र देशभर तीच राहते.

4.00.
सगळा देश एकदम आत शिरतो. पान उघडत नाही, ओटीपी येत नाही. अशा गर्दीत कॅशे कामाला येते: एकदा काढलेलं उत्तर मेमरीत हाताशी ठेवायचं आणि पुढच्या हजारोंना तेच द्यायचं. जिल्ह्यांची यादी, केंद्रांचे पत्ते असे ठेवता येतात. ओटीपी मात्र असा ठेवता येत नाही; तो ज्याचा त्याचा, दर वेळी नवा. शिवाय लॉगिन 15 मिनिटांत संपतं, म्हणजे तोच माणूस तेच जड काम पुन्हा मागायला येतो.

काही वेळाने ‘आरोग्य सेतू’ या सरकारी अ‍ॅपकडून खुलासा येतो: चार वाजता किरकोळ बिघाड झाला होता, तो दुरुस्त केला. सेकंदाला 55 हजार विनंत्या येत असल्याचंही सरकार सांगतं.

7.00.
80 लाखांवर नोंदणी. दिवसअखेर 1 कोटी 33 लाख. नाव लागलं, लसीची वेळ मिळाली नाही.

6 मे.
लसीकरणाच्या शिल्लक जागांची माहिती इतर अ‍ॅप्सना देणाऱ्या ‘कोविन’च्या खुल्या एपीआयवर नवा नियम लागतो. उत्तर 30 मिनिटांपर्यंत जुनं असू शकेल. एका आयपी पत्त्यावरून 5 मिनिटांत 100च विनंत्या. सर्व्हरच्या बाजूने हे रास्त आहे. उत्तर जितका वेळ जपून ठेवाल तितका डेटाबेसवरचा भार हलका, आणि तितकीच ते चुकीचं ठरण्याची भीती जास्त. पत्ता अर्ध्या तासात बदलत नाही. शिल्लक जागांचा आकडा मिनिटभरात शून्य होतो. पण मला खरा दोष त्या 30 मिनिटांत दिसत नाही. कॅशे पाच सेकंदांवर आणली असती तरी वेगवान इंटरनेटवालाच आधी पोहोचला असता. पोर्टल राहण्याचं ठिकाण विचारत नव्हतं. यादीतून ‘बुलढाणा’ निवडून पुण्या-मुंबईचा माणूसही तिथली जागा घेऊ शकत होता. इतकी दुर्मिळ लस ‘जो आधी पोहोचेल त्याची’ ठेवली, तिथेच बुलढाण्यातल्या मेहकर-लोणारचा माणूस मागे पडला.

12 मे.
तुटवड्यामुळे राज्य या वयोगटाचं लसीकरण थांबवतं.

24 मे.
सरकारी लसीकरण केंद्रांवर जागेवरच नोंदणी करायला केंद्र सरकार मुभा देतं, ज्यांच्याकडे स्मार्टफोन वा इंटरनेट नाही त्यांचा उल्लेख करून. ही सोय 28 एप्रिललाच असायला हवी होती.