तेलसमृद्ध व्हेनेझुएला कंगाल का झाला?

सुमारे ३०० अब्ज पिंपे, म्हणजे जगातील सर्वाधिक सिद्ध तेलसाठे व्हेनेझुएलाच्या भूगर्भात आहेत. तरीही २०१४ ते २०२१ या काळात या देशाची अर्थव्यवस्था सुमारे तीन चतुर्थांशाने आकसली आणि आजवर ७० लाखांहून अधिक नागरिकांनी देश सोडला. युद्धाविना एवढी घसरण झाल्याची उदाहरणे विरळच. या पतनाचे खापर कोणी समाजवादावर फोडतो, तर कोणी अमेरिकेच्या निर्बंधांवर. घटनाक्रम तपासला असता यांपैकी कोणतेही एक उत्तर पुरेसे ठरत नाही.

एकाच पिकावर संसार

माराकायबो सरोवराच्या परिसरात १९१४ मध्ये तेलाचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि कॉफी व कोको पिकवणारा हा देश हळूहळू तेलावर विसंबला. 'ओपेक'च्या शिल्पकारांपैकी एक असलेले हुआन पाब्लो पेरेझ अल्फोन्सो यांनी १९७० च्या दशकातच या परावलंबनाविरुद्ध इशारा दिला होता. १९७६ मध्ये तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण होऊन 'पीडीव्हीएसए' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९८० च्या दशकात तेलाचे दर कोसळले आणि १९८९ मध्ये इंधन व बसभाडेवाढीवरून राजधानी काराकासमध्ये रक्तरंजित दंगली उसळल्या. थोडक्यात, रोग समाजवादी राजवटीच्या आधीचाच होता.

चावेझ पर्व

ह्यूगो चावेझ १९९९ मध्ये अध्यक्ष झाले. पुढे तेलाचे दर चढत गेले आणि त्या पैशातून आरोग्य, शिक्षण व स्वस्त धान्याच्या योजना राबवण्यात आल्या. दारिद्र्य लक्षणीय घटले, हे नाकारता येणार नाही. परंतु याच काळात उत्पन्नाचा मूळ स्रोत खिळखिळा झाला. २००२-०३ च्या संपानंतर 'पीडीव्हीएसए'च्या सुमारे १८ हजार कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्याबरोबर अनुभवी अभियंतेही गेले. ओरिनोको पट्ट्यातील तेल अतिशय घट्ट असल्याने ते काढण्यास भांडवल व तंत्रज्ञान अधिक लागते. मात्र २००७ मध्ये तेथील प्रकल्पांत सरकारी वर्चस्व सक्तीचे होताच एक्सॉनमोबिल व कोनोकोफिलिप्स या कंपन्या बाहेर पडल्या.

२००३ पासून परकीय चलन व वस्तूंच्या किमती यांवर सरकारी नियंत्रण आले. अधिकृत दराने स्वस्त डॉलर मिळवून तो काळ्या बाजारात विकणे हा उत्पादनापेक्षा किफायतशीर धंदा झाला. ठरवून दिलेला भाव खर्चापेक्षाही कमी असल्याने अनेक कारखाने बंद पडले. डॉलर येत होते तोवर ही उणीव आयातीने झाकली. तेजीच्या वर्षांत पुरेशी गंगाजळी साठवली गेली नाही, उलट चीनकडून ५० अब्ज डॉलरहून अधिक कर्ज काढले गेले.

दर कोसळले तेव्हा

चावेझ यांच्या निधनानंतर २०१३ मध्ये निकोलस मादुरो सत्तेवर आले. २०१४ च्या मध्यास शंभर डॉलरच्या वर असलेला पिंपाचा दर २०१६ च्या आरंभी तिशीखाली घसरला. आयात घटली, औषधे व अन्न दुर्मीळ झाले. तूट भरून काढण्यासाठी सरकारने नोटा छापल्या. मध्यवर्ती बँकेच्याच आकडेवारीनुसार २०१८ मधील महागाईवाढ १ लाख ३० हजार टक्क्यांवर होती. २००८, २०१८ व २०२१ अशा तीन वेळा मिळून बोलिव्हार या चलनातील १४ शून्ये कमी करण्यात आली.

निर्बंधांचा वाटा

अमेरिकेने ऑगस्ट २०१७ मध्ये वित्तीय व जानेवारी २०१९ मध्ये 'पीडीव्हीएसए'वर थेट निर्बंध लादले. १९९८ मध्ये तीस लाख पिंपांहून अधिक असलेले रोजचे उत्पादन २०१८ अखेरीस बारा लाखांच्या आसपास आले होते. म्हणजे थेट तेलनिर्बंधांपूर्वीच निम्म्याहून अधिक घट झाली होती. मात्र निर्बंधांमुळे नवे कर्ज, सुटे भाग व मोठी बाजारपेठ दुरावली. २०२० च्या मध्यास उत्पादन चार लाख पिंपांखाली गेले आणि त्याची झळ सामान्य माणसाला बसली.

२०१४ ची दरघसरण सौदी अरेबिया व कुवेत यांनीही सोसली, पण त्यांच्याकडे गंगाजळी होती आणि तेलविहिरी चालू होत्या. व्हेनेझुएलाकडे त्या वेळी दोन्ही आधार उरले नव्हते.